खवटराव आणि छत्तीसशेचा आकडा

काकूंनी खवटरावांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते एका गिऱ्हाइकाची भर रस्त्यात हजेरी घेत होते.

सकाळची वेळ होती. काकू कामावर निघाल्या होत्या. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानापुढे एक गृहस्थ लॅपटॉप छातीशी धरून उभे होते आणि पुन्हा पुन्हा सांगत होते, "मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." दुकानातल्या माणसाने लॅपटॉप त्यांच्या हातून घेतला, उलटा केला आणि जरासा हलवला. आतून चहाचे चार-पाच थेंब पायरीवर पडले.

"आपोआप चहा प्यायला वाटतं," तो माणूस म्हणाला. "साखरेचा की बिनसाखरेचा?"

गृहस्थ ओशाळून हसले.

"हसू नका. हे आधी सांगितलं असतंत तर माझं शोधाशोध करणं वाचलं असतं. परवा या."

काकूंना त्या माणसाचा रागच आला. सांडला असेल चहा. त्यासाठी एवढ्या मोठ्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा करायचा? पण पुढे जाता जाता त्यांनी त्याला निरखून घेतलं. उंच, मानेत वाकलेला, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली आणि शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. आसपासचे लोक त्यांना खवटराव म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, पण मागे काय म्हणतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते ऐकून त्यांना वाईट वाटलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून तरी कधी दिसलं नाही.

त्या दिवशी काकूंना कल्पना नव्हती, की वर्षाच्या आत याच माणसाशी आपली जुंपणार आहे.

काकू दात करत. दातांच्या डॉक्टरांकडून रुग्णांच्या तोंडाची मापं येत आणि त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या तयार करून परत पाठवायच्या, असं ते काम. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लांबट खोलीत ती कार्यशाळा होती. खिडकीशी प्लास्टर ओतायचं टेबल, मधे कॅप कोरणारं मशीन आणि आतल्या भिंतीला पुरुषभर उंचीची, राखाडी दाराची भट्टी. कोरलेल्या कॅपा तिच्यात भाजून निघत. कॉम्प्युटर भट्टीला अगदी खेटून होता, कारण विजेचा मोकळा प्लग तेवढा तिथेच होता.

सव्वीस वर्षं काकू या खोलीत काम करत होत्या. मालकीणबाईंच्या नवऱ्याने त्यांना मेणाचे दात घडवायला शिकवलं होतं. ते गेले, मेण गेलं, कॉम्प्युटर आला. तेव्हा काकू सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि सगळ्यांना वाटलं होतं, की आता या घरी बसणार. काकूंनी तीन आठवड्यांत पडद्यावर दात घडवायला घेतला. दाढेवरची प्रत्येक खाच त्यांना बोटांनी पाठ होती. माऊस धरल्याने ती विसरायचं कारण नव्हतं.

आणि आता त्यांच्याच कॅपा परत येऊ लागल्या होत्या. दोन महिन्यांत अकरा. कुठे कड केसभर वर, कुठे दाढेवर नसलेला उंचवटा. शिवाय कॉम्प्युटरचं मशीन दुपारी अधूनमधून पडदा निळा होऊन बंद पडे आणि चालू काम गिळून टाकी. सगळ्यांत जास्त काम देणारे डॉक्टर, ज्यांना कार्यशाळेत मोठे डॉक्टर म्हणत, एके दिवशी फोनवर म्हणाले, "तुमच्या बाईंची नजर गेली का हो?" मालकीणबाईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. काकूंनी ते ऐकावं म्हणूनच ठेवला असावा.

फोन ठेवून मालकीणबाई म्हणाल्या, "हे बघ, महिनाअखेरपर्यंत वाट बघते. सुधारलं नाही तर कॉम्प्युटरवर मी दुसऱ्या कुणाला बसवीन. तू प्लास्टर ओतायचं बघ."

प्लास्टर ओतणं हे नवशिक्याचं पहिलं काम. सव्वीस वर्षांपूर्वी काकूंनी त्याच टेबलाशी सुरुवात केली होती.

"ताई, मशीनमध्येच काहीतरी आहे," काकू म्हणाल्या. "हे आधी असं नव्हतं. जावईबापूंनी ते नवीन बसवल्यापासून..."

"जावईबापूंचं नाव मधे आणायचं नाही." मालकीणबाईंचा आवाज एकदम बारीक झाला, त्या चिडल्या की आवाज चढण्याऐवजी बारीक होई. "त्यांनी हौसेने स्वतःच्या हाताने मेमरी बसवून दिली. दुप्पट मेमरी, सगळ्यांत जास्त वेगाची. त्याने मशीन बिघडेल का सुधारेल?"

जावईबापू दुसऱ्या गावी राहत. त्यांना कॉम्प्युटरचा नाद होता. मेमरी म्हणजे मशीनचं कामाचं टेबल. टेबल मोठं असलं की एका वेळी जास्त पसारा मांडता येतो, असं त्यांनी काकूंना समजावलं होतं. होत्या त्या दोन पट्ट्यांशेजारी त्यांनी नव्या दोन लावल्या आणि खोक्यावर छापलेला वेग, छत्तीसशे, मशीनच्या सेटिंगमध्ये टाकला. तेव्हापासून मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमचं छत्तीसशेचं आहे हो' असं सांगत. छत्तीसशे काय, ते त्यांना विचारायची सोय नव्हती.

बरीच हुज्जत झाल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "बोलाव कुणालातरी. तुझं तरी समाधान होईल." जवळचं दुकान खवटरावांचं होतं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आले. नमस्कार नाही, बसतो नाही. कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत बॅटरी मारली, नाक फेंदारलं, मेमरी तपासणारा प्रोग्राम लावला आणि दीड तास स्टुलावर हाताची घडी घालून बसले. पडद्यावर शेवटपर्यंत चुका शून्य. त्यांनी खिशातून चिठ्ठीचं पुस्तक काढलं आणि रेखीव अक्षरात लिहिलं: 'यंत्र निर्दोष.' खाली सही.

"पण ते दुपारीच बंद पडतं हो, भाऊ," काकू म्हणाल्या.

"मी कुणाचा भाऊ नाही. आणि यंत्राला दुपार कळत नाही, बाई. माणसाला कळते. जेवण झालं की डोळे मिटतात."

मालकीणबाई खुदकन हसल्या. त्यांनी ती चिठ्ठी कॉम्प्युटरच्या वर, भिंतीला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवली.

काकू दोन दिवस धुमसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा मशीन निळं पडलं, सहा दातांचा ब्रिज गेला आणि मालकीणबाई नुसत्या भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवून निघून गेल्या. काकूंनी हात धुतले आणि जेवणाच्या सुट्टीत त्या थेट दुकानावर चाल करून गेल्या.

दुकानात खवटराव नव्हते. त्यांची थोरली बहीण बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत. दोघं भावंडं दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. लग्न दोघांनीही केलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नव्हतं.

"तक्रार ना?" अक्का म्हणाल्या. "बसा. त्याच्याकडे दुसरं कशाला कोण येतंय?"

"माझी भाकरी जायची वेळ आलीय त्यांच्या एका सहीपायी," काकू म्हणाल्या. "आणि वर मला झोपाळू म्हणतात!"

"तुम्हांला झोपाळूच म्हणाला? मग बरा मूड होता." अक्कांनी स्टूल पुढे सरकवलं. "लहानपणापासून असाच आहे. आमच्या वडिलांचं इथंच टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक देव आहे. हा म्हणायचा, गिऱ्हाईक खोटारडं आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा औषध हाच द्यायचा. बाटलीवरचं नाव तीनदा मोठ्याने वाचायचा, आणि मधे आम्ही कुणी बोललो की शिव्या. चार वर्षं. एकदा चुकला नाही, आणि एकदा गोड बोलला नाही."

"मला गोड नकोय. मला खरं हवंय."

"मग थांबा, येईलच."

खवटराव आले. काकूंना पाहून म्हणाले, "निर्दोष लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण तुम्ही आलात सकाळी. सकाळी ते मलाही कधी दगा देत नाही. दुपारी भट्टी तापली की..."

"कुठली भट्टी?"

"कुठली म्हणजे? कॉम्प्युटरला लागून आहे ती. तुम्ही तिलाच पाठ टेकून बसला होतात."

खवटराव जागच्या जागी थांबले. "ते कपाट नव्हतं?"

"कपाट!" काकूंचा आवाज चढला. "हजारावर तापते ती! त्या दिवशी साडेअकरानंतर लावायची होती म्हणून थंड होती. दीड तास बसलात, एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

अक्कांनी तोंडाला पदर लावला. खवटरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पदर तसाच राहिला. मग त्यांनी पिशवी उचलली. "भट्टी आत्ता चालू आहे?"

"आहे."

"मग इथे काय उभ्या राहिलात?"

त्या दुपारी पडद्यावर तासाभरात ढिगाने चुका दिसल्या. खवटरावांनी मग चारही पट्ट्या काढल्या आणि एकेक लावून तपासली. प्रत्येक एकटीने बिनचूक. दोन जुन्या मिळून लावल्या, बिनचूक. दोन नव्या मिळून, बिनचूक. चारही लावल्या, की बोंब. ही तपासणी तीन दुपारी चालली, आणि तिन्ही दुपारी ते काकूंवर खेकसले: टेबल हलवू नका, पंखा लावू नका, माझ्या मागे उभ्या राहू नका. काकूही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "माझी खोली आहे, मी कुठेही उभी राहीन."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मालकीणबाईंसमोरच निकाल सांगितला. "दोन जुन्या, दोन नव्या. कंपन्या वेगळ्या. लेबलवर आकडा एकच आहे, म्हणून काय झालं? दोघी-दोघींना हा वेग जमतो. चौघींना एकदम पळवायचं म्हटलं की तुमचं हे मदरबोर्ड धापा टाकतं. गारव्यात कसंबसं निभावतं, शेजारी भट्टी तापली की बेरजा चुकवतं. सव्वीसशे सहासष्टवर आणून ठेवलंय. चुका शून्य. भट्टी चालू असताना शून्य."

"काम हळू होईल?"

"चहाचा एक घोट जास्त घ्या."

"मग ती चिठ्ठी बदलून द्या. त्या चिठ्ठीवर माझी जागा चाललीय."

"आठ दिवस चालू दे. मग लिहीन. एकदा घाईत लिहिलं ते पुरे झालं." जाताना त्यांनी बजावलं, "मशीन सुरू होताना पहिल्या पडद्यावर आकडा दिसतो. रोज सकाळी लिहून ठेवा. मनात नाही, कागदावर."

काकूंनी लिहिलं. गुरुवार, सव्वीसशे सहासष्ट. शुक्रवार, शनिवार, तेच. तीन दिवस मशीन एकदाही पडलं नाही. सोमवारी सकाळी पडद्यावर छत्तीसशे.

काकूंनी फोन लावला. खवटराव आले, आकडा खाली आणला, काकूंकडे संशयाने पाहिलं आणि गेले. पुढच्या सोमवारी पुन्हा छत्तीसशे. खवटराव यायला संध्याकाळ झाली, तोवर दुपारी एक कॅप बिघडलेली निघाली आणि ती निघाली मोठ्या डॉक्टरांच्याच रुग्णाची.

"तुमचं कामच टिकत नाही," काकूंनी दारातच सुनावलं. "चार दिवस चालतं आणि आपोआप बदलतं."

"आपोआप!" खवटरावांनी पिशवी आपटली. "नीट ऐका. आतली बॅटरी संपली किंवा सेटिंग पुसलं गेलं, तर आकडा खाली घसरतो. वर कधी चढत नाही. वर चढवायला हात लागतो. इथली किल्ली कुणाकुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आणि ताईंकडे."

"मग दोघींपैकी एक."

"मी? माझ्याच पायावर मी धोंडा घालीन?"

"लोक लॅपटॉपला चहा पाजतात. मला काही अशक्य वाटत नाही. हात कुणाचा ते शोधा, नाहीतर मला परत बोलावू नका." आकडा खाली आणून ते जिना उतरून गेले. चिठ्ठी भिंतीवर तशीच होती.

महिना संपायला आठ दिवस उरले होते. काकूंनी आपल्या कागदाकडे नीट पाहिलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत ठीक, सोमवारी सकाळी बिघडलेलं. मधे फक्त रविवार. रविवारी कार्यशाळा बंद असते.

रविवारी अकराच्या सुमाराला काकू जिना चढल्या. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. आत मालकीणबाई चहाचे कप धूत होत्या आणि जावईबापू कॉम्प्युटरसमोर बसले होते. गोरेगोमटे, हसरे, कुणाचंही वाईट न चिंतणारे गृहस्थ.

"या काकू!" ते मोकळेपणाने म्हणाले. "बघा ना, तो तुमचा दुरुस्तीवाला दर आठवड्याला वेग कमी करून ठेवतो. एवढी भारी मेमरी आणि बैलगाडीसारखी हाकायची! मी आपला आलो की परत वर करून देतो."

काकूंनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाई कप विसळत राहिल्या. तो कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

"ताई, तुम्हांला ठाऊक होतं?"

"हळू बोल."

"तो आकडा चढला की माझे दात बिघडतात, हे त्या माणसाने तुमच्यादेखत सांगितलं होतं. तुम्ही इथे उभ्या होतात."

मालकीणबाईंनी काकूंना खिडकीकडे ओढलं. आवाज पुन्हा तसाच बारीक. "घरातला जावई आहे तो. तोंडावर कसं सांगायचं, की तुमच्यामुळे नुकसान झालं? लेकीला काय वाटेल?"

"आणि मला सांगता आलं, की नजर गेली, प्लास्टर ओत?"

"तू काय परकी आहेस? आपल्या माणसाला हक्काने बोलता येतं, म्हणून तुला बोलले."

सव्वीस वर्षांत काकूंना इतका राग कधी आला नव्हता. तो शब्दांत मावण्यासारखा नव्हता. त्यांनी फोन काढला.

"रविवारी तो कुणाचं ऐकत नाही," पलीकडून अक्का म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, हात सापडला."

खवटराव दहा मिनिटांत आले, ते घरातल्या चपला घालून. धापा टाकत होते. त्यांनी खोलीत कोण कुठे उभं आहे ते पाहिलं आणि जावईबापूंना विचारलं, "चढवणारे तुम्ही?"

"हो. आणि उतरवणारे तुम्ही? मला जरा कारण कळेल का? खोक्यावर स्पष्ट छापलंय..."

"खोकं इथले दात करतं का? बसा. तुमचाच आकडा ठेवू. बाई, भट्टी लावा."

"आज रविवार आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "कशाला उगाच भट्टी?"

"मग मी मोठ्या डॉक्टरांना फोन करते आणि त्यांच्यासमोरच लावते," काकू म्हणाल्या आणि भट्टीचं बटण दाबलं.

भट्टी तापायला दीड तास लागला. चौघं जण त्या खोलीत बसून राहिले. जावईबापूंनी एकदा हवेबद्दल काहीतरी म्हणून पाहिलं. त्यावर कुणी हं सुद्धा म्हटलं नाही. खवटराव या खेपेला भट्टीपासून लांब बसले होते.

मग त्यांनी काकूंना एक जड फाईल मागितली. काकूंनी मागे वाया गेलेल्या त्या सहा दातांच्या ब्रिजचं मूळ माप दिलं. "ही एकच फाईल," खवटराव जावईबापूंना म्हणाले, "हिच्या शंभर प्रती काढायच्या. मग प्रत्येक प्रत मूळ फाईलशी ताडून बघायची. ताडणारं मशीन तुमचंच, आकडा तुमचा, तुम्हीच कळ दाबा. मी हात लावत नाही."

जावईबापूंनी दाबली. पडद्यावर ओळी सरकत गेल्या. जुळलं, जुळलं, जुळलं. तेविसावी जुळली नाही. शेवटी हिशेब निघाला: चौऱ्याण्णव सारख्या, सहा वेगळ्या.

खवटरावांनी आकडा खाली आणला आणि पुन्हा तेच करायला लावलं. शंभरच्या शंभर सारख्या.

"तशा सहाच तर चुकल्या," जावईबापू पुटपुटले.

"बापू," काकू म्हणाल्या, "त्या सहांत तुमची दाढ असती तर?"

जावईबापूंनी नकळत जीभ गालात फिरवली. मग त्यांनी खांदे उडवले. "म्हणजे मदरबोर्डच हलकं घेतलंय. ते काही मी घेतलेलं नाही. ते आईंनी घेतलं."

मालकीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्याच्यासाठी एवढं झाकलं, त्याने एका वाक्यात त्यांनाच पुढे केलं होतं.

"हलकं असेल," खवटराव म्हणाले. "मग? बैल हलका म्हणून गाडी जास्त भरायची? तुमच्या नव्या दोन पट्ट्या काढून घ्या, उरलेल्या दोघी छत्तीसशेने सुखाने पळतील."

"जावईबापूंच्या पट्ट्या निघणार नाहीत," मालकीणबाई ताडकन म्हणाल्या. एवढं सगळं होऊनही.

"नका काढू. मग चौघी सव्वीसशेने चालतील."

खवटराव उठले. त्यांनी भिंतीवरची चिठ्ठी नखाने सोडवली, टेबलावर सपाट केली, 'यंत्र निर्दोष' वर एक आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: 'ही तपासणी भट्टी थंड असताना केली. निष्कर्ष चुकीचा, चूक माझी. भट्टी चालू असताना व मेमरीचा वेग वाढवलेला असताना हे यंत्र फाईल बिघडवते. अशा यंत्रावरच्या कामाचा दोष काम करणाऱ्यावर टाकता येणार नाही.' सही केली, तारीख घातली.

"ते अकरा दात यामुळेच बिघडले, असंही लिहा," काकू म्हणाल्या.

"नाही लिहिणार. दात मला कळत नाहीत. यंत्र चुकतं ते मी पाहिलं, तेवढं लिहिलं." त्यांनी चष्म्याची काडी सारखी केली. "तुम्हांला दुपारच्या झोपेवरून बोललो होतो. ते चुकलं."

एवढंच. काकू आणखी दोन शब्दांची वाट पाहत राहिल्या. ते आले नाहीत.

जायच्या आधी त्यांनी सेटिंगला पासवर्ड घातला. "कुणाकडे देऊ?"

"माझ्याकडे. मशीन माझं आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"मशीन तुमचं आहे. मान हिची जाते." त्यांनी पासवर्ड कागदावर लिहिला, घडी केली आणि काकूंच्या हातात दिली. त्या दिवशी त्यांनी काकूंचा पहिल्यांदा एकेरी उल्लेख केला. काकूंच्या ते ध्यानात आलं, आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

दुरुस्त केलेली चिठ्ठी काकूंनी स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे नेऊन दाखवली. डॉक्टरांनी ती वाचली, "बरं" म्हटलं आणि नजरेबद्दल पुन्हा काही काढलं नाही. परत आलेल्या अकराही कॅपा काकूंनी जुन्या मापांवरून नव्याने केल्या. त्यांतल्या नऊ पहिल्याच खेपेला बसल्या. दोन बसल्या नाहीत, आणि त्या दोन आपल्याच हातून चुकल्या होत्या हे काकूंनी कुणी न विचारता मान्य केलं.

महिना संपला आणि काकू कॉम्प्युटरसमोरच राहिल्या. मालकीणबाई मात्र निवळल्या नाहीत. जावईबापूंचं रविवारचं येणं बंद झालं, आणि त्याचं खापर काकूंवर फुटलं. सहा महिने त्या काकूंशी चिठ्ठ्यांनी बोलत: 'खालची डावी दाढ, गुरुवारपर्यंत.' काकूही उत्तराला चिठ्ठीच ठेवत. पुढे प्रिंटर बिघडला तेव्हा मालकीणबाईंनी दुसऱ्या गल्लीतला दुरुस्तीवाला बोलावला. खवटरावांना त्या इमारतीत पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि हे कळल्यावर ते अक्कांना म्हणाले, "चांगलं झालं. दोन मजले वाचले."

काकू कधीमधी जेवणाच्या सुट्टीत अक्कांकडे जाऊन बसतात. खवटराव असले तर विचारतात, "आकडा?" काकू सांगतात, "सव्वीसशे सहासष्ट." मग ते कामाला लागतात. संभाषण म्हणतात ते एवढंच. बाकी गिऱ्हाइकांवरचा त्यांचा तोफखाना पूर्वीसारखाच चालू असतो.

खवटराव आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ते जिना चढत नाहीत, यंत्र ज्याचं त्याने खाली दुकानात आणून द्यावं लागतं.